ब्रेक्झिटबद्दल इंग्लंडच्या फुटबॉल चाहत्यांचं मत काय होतं?

एकच असं मत नव्हतंच. ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावं का, यावरच्या 2016 च्या सार्वमतात प्रीमियर लीगचे (इंग्लंडच्या सर्वोच्च फुटबॉल स्पर्धेचे) क्लब युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने होते, पण चाहते आपापल्या गावासारखेच विभागलेले. लिव्हरपूलमध्ये सुमारे 58 टक्के मतं राहण्याच्या बाजूने, तर संडरलंडमध्ये 61 टक्के बाहेर पडण्याच्या बाजूने. तेही युरोपात गाड्या पाठवणाऱ्या निस्सानचा मोठा कारखाना तिथे असताना!

क्लबपुरतं बोलायचं तर खरा फरक 1 जानेवारी 2021 पासून पडला. आता युरोपातल्या खेळाडूलाही त्याचे सामने, लीगचा दर्जा वगैरेंवर मिळणाऱ्या गुणांच्या हिशेबावर परवाना मिळवावा लागतो आणि 18 वर्षांखालच्या परदेशी पोरांना घेताच येत नाही. आर्सेनलने 2003 मध्ये बार्सिलोनातून स्पॅनिश खेळाडू फॅब्रेगासला 16 व्या वर्षी उचललं होतं. तसं आज जमणार नाही. काही चाहत्यांना हे पटतं, कारण अकादमीतल्या स्थानिक मुलांना संधी मिळेल असं त्यांना वाटतं. बाकीचे म्हणतात, त्याने इंग्लिश खेळाडूंचे भाव तेवढे वाढले. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं.

गंमत म्हणजे ब्रेक्झिटवर भांडणारे हेच लोक एप्रिल 2021 मध्ये सुपर लीगविरुद्ध, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांनी स्वतःसाठी काढू पाहिलेल्या वेगळ्या स्पर्धेविरुद्ध, एक झाले. चेल्सीच्या चाहत्यांनी स्टॅमफर्ड ब्रिजबाहेर रस्ता अडवला आणि घोषणेनंतर दोन दिवसांत तिच्यात सामील झालेल्या सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. आपला क्लब दुसऱ्या कुणी परस्पर चालवावा, हे कुठल्याच बाजूच्या माणसाला खपलं नाही.