शेवटची लोकल गेल्यावर

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की मुंबईतले नाचायचे क्लब एकेक करून बंद होतायत आणि त्याचं मला वाईट वाटतं. त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. काहींनी नावं छापू नका म्हटलंय, म्हणून कुणाचीच छापली नाहीत.

ताई, माझा मुलगा 23 वर्षांचा आहे. रात्री घरी असतो आणि रविवारी सकाळी नऊला ‘रेव्ह’ला जातो म्हणून निघतो. मी तर हादरलेच. तो म्हणतो आई तिथे फक्त कॉफी असते. मागच्या महिन्यात भजन क्लबिंगला गेला होता. हे नक्की काय चाललंय? — एक आई, डोंबिवली

काकू, मुलगा खरं बोलतोय, निश्चिंत राहा. कॉफी रेव्ह म्हणजे एखाद्या कॅफेत सकाळी टेबलं बाजूला सारून डीजे बसवतात, गाणी तीच जी रात्री वाजायची, पण हातात ग्लासऐवजी कोल्ड कॉफी, आणि दुपारी जेवायला पोरं घरी. गेल्या दोन-तीन वर्षांत मुंबई-पुण्यात हे खूप वाढलंय. भजन क्लबिंगमध्ये लाइट्स, गिटार, ढोलक असतं आणि शेकडो पोरं जमिनीवर बसून किंवा उभी राहून एकसुरात भजनं म्हणतात, दारू नसते. आपल्याकडे एकादशीला रात्रभर भजन व्हायचं, टाळ कुटून हात लाल व्हायचे, त्यामुळे तुम्हाला ते फार परकं वाटणार नाही. एकदा त्याच्यासोबत जाऊन बघा.

आणि एक सांगते, यामागे कायद्याचाही हात आहे. महाराष्ट्रात बिअरला वय 21 पूर्ण लागतं आणि व्हिस्की-रमसारख्या दारूला 25, वर परवाना वेगळा. म्हणजे तुमचा मुलगा क्लबमध्ये गेला तरी त्याला कायद्याने अजून बिअरच्या पुढे जाता येत नाही, एन्ट्रीचे पैसे मात्र पूर्ण भरायचे. कॉलेजच्या पोरांनी मग सकाळ शोधली तर त्यात नवल नाही.

आम्ही नव्वदच्या दशकात जुहूला रॅझबेरी ऱ्हायनोसेरसला जायचो, ताजमधल्या नाइन्टीन हंड्रेड्समध्ये एकदा तरी जायचं हे स्वप्न होतं, मग फायर अँड आइस आलं, ब्लू फ्रॉग आलं. आता मुलीला दाखवायला यातलं एकही शिल्लक नाही. पोरांना नाचायचं नाहीये का? नक्की मारलं कुणी या जागांना? — वय 52, दादर

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. कारण तुमचं फायर अँड आइस आणि ब्लू फ्रॉग ज्या लोअर परळमध्ये होतं ते माझं घर आहे. माझे बाबा गिरणीत होते, तिसरी पाळी, रात्री बाराला आत आणि सकाळी सातला बाहेर. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांचेच बाबा रात्री कामाला जातात. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला आणि भोंगे बंद पडले ते पडलेच. पुढे पंचवीस वर्षांनी मी त्याच भागात, एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या क्लबच्या दारात गेस्ट लिस्ट घेऊन उभी होते, पोरापोरींच्या मनगटावर शिक्का मारायचा आणि आत सोडायचं, चार वर्षं केलं हे काम. फिनिक्स मिलमध्ये फायर अँड आइस, मथुरादास मिलमध्ये 2007 ला ब्लू फ्रॉग, मग कमला मिल, गिरणगावाची रात्र अशी दुसऱ्यांदा जागी झाली होती. ब्लू फ्रॉग 2016 मध्ये बंद झालं.

मारलं कुणी विचारता, तर मी दारात उभं राहून जे बघितलं ते सांगते. पहिलं जागेचं भाडं. नाचणारा माणूस मालकाला परवडत नाही हो, तो एक बिअर घेतो, चारदा पाणी मागतो आणि तीन तास फ्लोअर सोडत नाही, तेवढ्याच जागेत एक टेबल लावलं तर सहा जण बसतात, बाटली मागवतात, कबाब मागवतात. म्हणून दरवर्षी फ्लोअरवर दोन टेबलं पुढे सरकायची. मी असतानाच फ्लोअर निम्मा झाला होता, शेवटी डीजेच्या समोर चटईएवढी जागा उरली आणि लोक खुर्चीतच खांदे हलवायला लागले. त्याला आता रेस्टोबार म्हणतात, लाउंज म्हणतात, पण तो क्लब नाही.

दुसरं म्हणजे दार. यात मी स्वतः सामील होते आणि मला त्याचं वाईट वाटतं. एकट्या मुलग्यांना आत सोडायचं नाही, सोडलं तर दुप्पट पैसे, कपल असेल तर या, चपला बघायच्या, शर्ट बघायचा. लालबागची चार पोरं एकदा पहिल्या पगाराचे पैसे घेऊन आली होती, इस्त्रीचे शर्ट, अत्तर लावलेलं, माझ्या गल्लीच्या पुढच्या गल्लीतली, आणि मला त्यांना परत पाठवायला लागलं. ती काही बोलली नाहीत, फुटपाथवर बसून बाहेर ऐकू येणारं गाणं ऐकत राहिली. अशी किती पोरं परत गेली असतील! मग आज तीच माणसं मोठी झाली आणि आपल्या मुलांना क्लबला जा म्हणत नाहीत, तर त्यांचं काय चुकलं?

आणि तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं, त्यावर कुणी बोलत नाही. मुंबईत शेवटच्या लोकल साधारण एकच्या आत सुटतात, पहिली चारनंतर. क्लब बंद व्हायची वेळ दीड. म्हणजे लोकलने आलेल्याला एकतर गाणं रंगात आलेलं असताना साडेबाराला निघायचं किंवा दीडला बाहेर पडून अडीच तास रस्त्यावर काढायचे. मी रोज बघायचे, बाराच्या सुमाराला फ्लोअरवरचे कल्याण, विरार, पनवेल एकदम निघायचे, बुटाची लेस बांधत पळायचे, आणि मागे उरायचे ते गाडीवाले. एक वीसला लाइट लागायचे, लास्ट ऑर्डर कधीच संपलेली असायची, बाहेर पोलिसांची गाडी येऊन उभी. परत जायला टॅक्सीचे पैसे एन्ट्रीपेक्षा जास्त होत असतील तर ज्याच्याकडे गाडी त्याचीच रात्र, सरळ हिशोब आहे.

जानेवारी 2020 मध्ये मंत्रिमंडळाने मुंबईत रात्रभर हॉटेलं-मॉल उघडे ठेवायला मंजुरी दिली तेव्हा मला फार आनंद झाला होता. दारू दीडलाच बंद, पण निदान बसायला जागा, खायला मिळेल, पहिल्या लोकलपर्यंत वेळ जाईल. दोन महिन्यांत लॉकडाऊन लागला. त्यानंतर लोकांना घरी बसून बघायची, घरी मागवून प्यायची, घरीच चार मित्र बोलवायची सवय लागली ती काही पूर्ण सुटली नाही. आणि जो पैसा महिन्यातून दोनदा क्लबला जायचा तो आता वर्षातून एकदा मोठ्या शोला जातो. जानेवारी 2025 ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन दिवस कार्यक्रम झाले, माझ्या भाचीने त्या तिकिटासाठी सहा महिने बाहेरचं खाणं बंद केलं होतं.

तेव्हा पोरांना नाचायचंच आहे दादा. विसर्जनाच्या मिरवणुकीत बघा, हळदीत बघा, नवरात्रात बघा.

डान्सबार आणि नाइटक्लब एकच ना? — बार्शी

नाही. डान्सबारमध्ये बायका नाचायच्या आणि गिऱ्हाईक बसून बघायचं, क्लबमध्ये आलेली माणसं स्वतः नाचतात. 2005 ची बंदी डान्सबारवर होती, सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये ती चुकीची ठरवली आणि 2019 मध्ये अटीही बऱ्याच सैल केल्या. बंदीने हजारो बायकांची रोजीरोटी गेली, त्यांच्याबद्दल वेगळं लिहायचंय मला.

मी मँचेस्टरला नोकरी करतो. इथे आलो तेव्हा वाटलं होतं रोज रात्री धमाल असेल, पण दर महिन्याला कुठला तरी क्लब बंद झाल्याची बातमी. युरोपातही हेच का?

हो रे, तिथेही हेच आणि जरा जास्तच. तिथल्या नाइट टाइम इंडस्ट्रीज असोसिएशनचे आकडे आहेत, 2013 मध्ये ब्रिटनमध्ये साधारण 1,700 नाइटक्लब होते, जून 2024 ला 787 उरले. तू ज्या शहरात आहेस तिथला हॅसिएंडा नावाचा क्लब तर 1997 लाच बंद झाला आणि त्या जागी फ्लॅट उभे राहिले, आपल्या गिरण्यांसारखंच. एक कारण ऐकून आश्चर्य वाटेल, 2005 पासून तिथे साध्या पबलाही उशिरापर्यंत उघडं राहायची परवानगी मिळायला लागली, मग रांग लावून, एन्ट्री भरून क्लबला कशाला जायचं? नंतर कोविड, मग विजेची बिलं. पण एक चांगली गोष्ट तिथे झाली, 2018 पासून इंग्लंडच्या नियोजनाच्या नियमात आलं की जुन्या क्लबशेजारी नवीन इमारत बांधायची तर आवाजाचा बंदोबस्त बिल्डरने करायचा, क्लबने नाही. बर्लिनला तर मार्च 2024 मध्ये तिथलं टेक्नो संगीत जर्मनीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या रात्री वॉटरगेट नावाचा नदीकाठचा मोठा क्लब बंद झाला. नुसता मान देऊन भाडं भरता येत नाही ना.

बंद होतायत तर होऊ देत! आमच्या खिडकीसमोर रूफटॉप आहे, सासूबाई हृदयरोगी आहेत, रात्री दीडपर्यंत भिंती थरथरतात. तुम्हाला क्लबचं दुःख, आमचं काय? — पुणे

वहिनी, तुमचं बरोबर आहे आणि मी तुमच्याच बाजूने बोलणार. रात्री दहा ते सकाळी सहा रहिवासी भागात आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे आणि उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, सरकार वर्षातले फार तर 15 दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. रूफटॉप त्यात बसतच नाही. 112 ला फोन करा, प्रत्येक वेळी करा, तारीख-वेळ वहीत लिहून ठेवा आणि सोसायटीच्या लेटरहेडवर लेखी तक्रार द्या, एकट्याच्या तक्रारीपेक्षा तिला वजन असतं. क्लब म्हणजे चार भिंती आणि साउंडप्रूफ दार. गच्चीवर शेड टाकून स्पीकर लावणं हा निव्वळ पैसा वाचवायचा प्रकार आहे.

आणि त्यात जीव जातात. 29 डिसेंबर 2017 ला कमला मिलच्या रूफटॉपला आग लागली, 14 माणसं गेली, बरीचशी बाथरूममध्ये गुदमरून. मी तेव्हा काम सोडलेलं होतं पण तो जिना मला पाठ होता, रात्रभर टीव्हीसमोर बसून रडत होते. डिसेंबर 2025 मध्ये गोव्यात हडफड्याच्या क्लबमध्ये 25 जण गेले आणि त्यातले बहुतेक तिथे काम करणारे होते, भांडी घासणारे, स्वयंपाक करणारे, वाढणारे, लांबून पोट भरायला आलेले. नाचणारे दिसतात, तळघरातला स्वयंपाकी कुणाला दिसत नाही. त्यामुळे माझं म्हणणं असं आहे की अशा जागा बंदच व्हायला हव्यात, पण त्यांच्या बदल्यात चांगल्या, बंदिस्त, दोन बाहेरची दारं असलेल्या जागा उभ्या राहायला हव्यात, आणि होतंय उलट, चांगल्या जागा भाड्याने मेल्या आणि गच्च्या वाढल्या.

मी 24 वर्षांची आहे, कल्याणला राहते, आयटीत आहे. मला दारू नको, मुलगाही नको, मला मैत्रिणींसोबत मनसोक्त नाचायचंय आणि नीट घरी यायचंय. असं काही आहे का?

बाळा, तुझ्या पत्रात मला माझं वय दिसलं. तू मागतेस ते फार साधं आहे आणि ते आपल्या रेल्वेला जमतं, दरवर्षी जमतं! अनंत चतुर्दशीच्या रात्री सेंट्रल आणि वेस्टर्न दोन्हीवर जादा लोकल असतात, 31 डिसेंबरलाही असतात. मी स्वतः पहाटे अडीचच्या गाडीने आलेय विसर्जनाहून, लेडीज डब्यात गुलाल माखलेल्या बायका, एका आजीच्या मांडीवर झोपलेलं कुणाचं तरी पोर, डब्यात एक महिला पोलीस, आणि कुणी घाबरलेलं नाही, कारण डबा भरलेला होता. महिन्यातल्या एका शनिवारी हीच सोय करा, एवढंच मागायचं. मी रेल्वेला पत्र लिहिलंय, या सदराच्या पत्त्यावर तुमच्या सह्या पाठवा, मी जोडते.

तोपर्यंत तुझ्यासाठी ठाण्या-कल्याणकडे संध्याकाळी पाच ते दहाचे डान्स इव्हेंट बघ, बॉलिवूड नाइट, साल्सा सोशल वगैरे. साल्साच्या ठिकाणी एकट्या मुलीलाही कुणी वाकडं बघत नाही, तिथे सगळे नाचायलाच आलेले असतात. जायच्या आधी फोन करून तीन गोष्टी विचार: बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे, एकट्या मुलींच्या ग्रुपला एन्ट्री आहे का, आणि संपतं किती वाजता. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकलं की लगेच मोबाइलवर कल्याणची त्यानंतरची गाडी बघ, आणि तिच्याही आधीची एक लिहून ठेव.