ट्रेलर उलाळ झाला तर? आणि वाचकांचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात मी गॅरेजमध्ये बनवलेल्या आमच्या छोट्या कॅम्पिंग ट्रेलरबद्दल चार ओळी लिहिल्या आणि इनबॉक्स भरला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, त्यामुळे सारखे सारखे आलेले प्रश्न घेतोय. मी इंजिनियर आहे पण सॉफ्टवेअरवाला, सुतारकाम यूट्यूब आणि शेजारचे रिटायर्ड आजोबा यांच्याकडून शिकलोय, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

प्रश्न : आम्ही दोघं आणि एक लॅब्रॅडॉर. गाडी होंडा सीआर-व्ही, गॅसवाली (म्हणजे पेट्रोलवर चालणारी). 6 बाय 12 फुटांचा ट्रेलर बांधायचा विचार आहे, आत छोटं टॉयलेट, शॉवर, बसायला टेबल. ड्रॉइंग काढून झालंय, कुठून सुरुवात करू? (ॲन आर्बर, मिशिगन)

ड्रॉइंग बाजूला ठेवा आणि गाडीचं मॅन्युअल काढा. तुमच्या गाडीला अमेरिकेत 1500 पाउंड ओढायची परवानगी आहे, (हायब्रिड असती तर आकडा वेगळा, तो ज्याने त्याने आपापल्या मॅन्युअलमध्ये बघायचा) आणि हे 1500 म्हणजे रिकाम्या ट्रेलरचे नाहीत, पाणी, गादी, कुकर, खुर्च्या, श्वानमहाराजांचं खाणं सगळं भरलेल्या ट्रेलरचे. शॉवरवाला 6 बाय 12 त्यात बसवणं जवळपास अशक्य. शिवाय तो उंच डबा हायवेवर वारा अडवतो आणि मायलेजची वाट लागते.

म्हणून तुमच्यासाठी टिअरड्रॉप, म्हणजे पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा, आत फक्त झोपायचं आणि मागचं झाकण उघडलं की किचन. हा प्रकार इथे अमेरिकेत 1930च्या दशकापासून चालत आलाय, तेव्हाही लोक घरीच बनवायचे. सगळं गणित प्लायवूडच्या शीटवर बसतं, शीट 4 बाय 8 फूट, म्हणून ट्रेलरही 4 बाय 8, कापाकापी कमी आणि वाया जाणं कमी. पण 4 फूट म्हणजे 48 इंच, आणि घरातली फुल साइझची गादीसुद्धा 54 इंच रुंद असते, तेव्हा दोघं आणि लॅब्रॅडॉर म्हणजे रात्रभर पॅसेंजर ट्रेनचा जनरल डबा. तुम्ही 5 बाय 8 करा. त्यातही भिंती फ्लोअरच्या वर उभ्या केल्या तर पाऊण इंचाच्या दोन भिंती जाऊन आत साडेअठ्ठावन्न इंच उरतात आणि क्वीन गादी असते 60 ची, मग फोमची घ्या आणि ब्रेड कापायच्या सुरीने कडेने तासा, मी तेच केलं.

आणि एक वही करा, वजनाची वही. जी वस्तू आत जाणार ती विकत घ्यायच्या आधी तिचं वजन लिहायचं. पाव इंची प्लायवूडची शीट साधारण 22 पाउंड, अर्धा इंची 45 च्या आसपास, पाऊण इंची 65 ते 70. भिंतीला पाऊण इंची घेतली तर आतून खिडक्या-खिडक्या कापून नुसता सांगाडा ठेवतात आणि पोकळीत फोमबोर्ड भरतात, वजन जवळजवळ निम्मं होतं आणि थंडीही अडते. लिथियम बॅटरी (100 अँपिअर-अवरची) 30 पाउंडांच्या आत येते, जुन्या लेड-ॲसिडवाल्या 60 च्या वर जातात, आणि त्यातली निम्मीच वीज वापरावी म्हणतात. फक्त लिथियम शून्य डिग्री सेल्सिअसच्या खाली चार्ज करू नका, आपल्या मिशिगनात हे लक्षात ठेवायलाच हवं.

माझ्या वहीत बेरीज आली होती 790. ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर भरलेला ट्रेलर नेला तर 980. हे 190 पाउंड कुठून आले? स्क्रू, गोंद, रंग, बिजागऱ्या, आणि "एवढंसं तर आहे" म्हणत घेतलेल्या गोष्टी, त्यात बायकोने ठेवलेला लोखंडी तवाही आहे, त्याबद्दल तक्रार नाही. म्हणून वहीतल्या बेरजेवर वरचे पंचवीसेक टक्के धरूनच चाला.

प्रश्न : काका, ट्रेलर मस्त बनला पण ताशी 60 मैलांच्या वर गेलं की मागून डुलायला लागतो, स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं वाटतं. हिच (गाडीमागे ट्रेलर अडकवायची जोडणी) बदलू का? (सिनसिनाटी, ओहायो)

आधी माझं ऐका, कारण हे माझं झालेलं आहे. पहिल्याच ट्रिपला आय-75 वरून उत्तरेला निघालो होतो, शेजारून एक मोठा ट्रक गेला आणि त्याच्या वाऱ्याने ट्रेलरने जो झोला घेतला तो थांबेच ना, डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त, बायकोने दोन्ही हातांनी सीट धरलेली. अशा वेळी करायचं काय तर ॲक्सिलरेटरवरून पाय अलगद काढायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं, बस. करकचून ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग उलटसुलट फिरवून ट्रेलरला "सावरायला" जायचं नाही. वेग उतरला की तो आपोआप शांत होतो.

रस्त्याच्या कडेला थांबलो आणि मला माझ्या आजोबांचा शब्द आठवला. आमच्या गावी बैलगाडीत कडबा भरताना ते ओरडायचे, "अरे मागं नको रे, गाडी उलाळ होईल!" उलाळ म्हणजे मागे भार जास्त झाला, पुढचं जू वर उचललं गेलं. आणि पुढे भार जास्त झाला तर धुरजड, मग बैलांच्या मानेवर ओझं. चांगला गाडीवान गाडी जराशी धुरजड ठेवायचा, बैलांना झेपेल एवढीच. इथले लोक याला टंग वेट म्हणतात (टंग म्हणजे ट्रेलरचा पुढे आलेला दांडा) आणि आकडा सांगतात, ट्रेलरच्या एकूण भरलेल्या वजनाच्या 10 ते 15 टक्के वजन गाडीच्या हिचवर यायला हवं. म्हणजे आजोबांचंच म्हणणं, फक्त टक्केवारीत.

माझा ट्रेलर चक्क उलाळ होता. टिअरड्रॉपचं किचन मागे असतं ना, तिथेच मी 7 गॅलन पाण्याचा कॅन ठेवला होता, पाणी गॅलनला 8.34 पाउंड, म्हणजे 58 पाउंड, शेजारी बर्फ भरलेला कूलर. घरी आल्यावर बाथरूमचा वजनकाटा कपलरखाली, म्हणजे टंगच्या टोकाला हिचच्या बॉलवर बसणाऱ्या खोबणीखाली, ठेवून मोजलं, (ट्रेलर समतल आणि गाडीला जोडताना जेवढ्या उंचीवर असतो तेवढ्याच उंचीवर पाहिजे, त्यासाठी काट्यावर ठोकळे रचा) तर 55 पाउंड! 980 च्या सहा टक्केसुद्धा नाहीत.

मग सी-सॉचं गणित. माझ्या ट्रेलरमध्ये हिचच्या बॉलपासून ॲक्सलपर्यंत अंतर 100 इंच. पाण्याचा कॅन ॲक्सलच्या मागे 40 इंचांवर, म्हणजे तो हिचवरून 58 गुणिले 40 भागिले 100, साधारण 23 पाउंड उचलत होता. तोच कॅन पुढच्या पेटीत, ॲक्सलच्या पुढे 70 इंचांवर ठेवला की उलट हिचवर 40 पाउंड टाकणार. एक कॅन हलवला आणि फरक 63 पाउंडांचा, 55 चे 118 झाले, म्हणजे 12 टक्के. एक डॉलर खर्च नाही. त्यानंतर मॅकिनॉ ब्रिजवर चांगला आडवा वारा होता तरी ट्रेलर मुकाट मागून आला.

तेव्हा दादा, हिच बदलायच्या आधी मोजा. अजून बांधत असाल तर ॲक्सल ट्रेलरच्या डब्याच्या मध्यावर नको, थोडा मागे सरकवा, म्हणजे साठेक टक्के भार ॲक्सलच्या पुढे येतो. पण 118 पाउंड तुमच्या गाडीच्या हिचला चालतात का तेही मॅन्युअलमध्ये बघा, धुरजडचीही मर्यादा असतेच. टायरची हवाही तपासा, ट्रेलरचे टायर वेगळे असतात आणि त्यातल्या बऱ्याच टायरांना ताशी 65 मैलांची मर्यादा असते, ऐंशीने पळवायला ती काही स्पोर्ट्स कार नाही.

प्रश्न : फ्लोअरला प्रेशर ट्रीटेड (कुजू नये म्हणून रसायन मुरवलेलं) प्लायवूड वापरावं का? आणि बाहेरून फायबरग्लास परवडत नाही, दुसरा उपाय? (एडिसन, न्यू जर्सी)

ट्रीटेड नको. दुकानात ते बहुतेक वेळा ओलसर आणि जड असतं, वाळताना वाकतं, गोंद आणि रंग नीट धरत नाही, शिवाय झोपायचं त्याच्यावर. साधं एक्स्टिरियर ग्रेड घ्या आणि खालची बाजू, मुख्य म्हणजे कडा, सील करा. पाणी पृष्ठभागातून कमी आणि कडेतून जास्त शिरतं, प्लायवूड कुजायला सुरुवात तिथूनच होते.

बाहेरून कॅनव्हासचा उपाय स्वस्त आणि चांगला आहे, मीही तोच केलाय. वॉटरप्रूफ लाकडाचा गोंद थोडं पाणी घालून पातळ करायचा, रोलरने लावायचा, त्यावर कॅनव्हास ताणून बसवायचं, वरून परत गोंद, आणि सुकल्यावर घराच्या बाहेरच्या भिंतीचा लेटेक्स रंग तीनचार हात. दिसतो थोडा जाडाभरडा. आमच्याकडे आलेल्या एका मित्राने "हा तंबू आहे का गाडी" असं विचारलं होतं, पण तीन हिवाळे झाले, आत थेंब नाही.

प्रश्न : ट्रेलरचे दिवे कधी लागतात कधी नाही, डावा इंडिकेटर दिला की दोन्ही मंद लुकलुकतात. (डॅलस, टेक्सास)

ग्राउंड. दहापैकी नऊ वेळा ग्राउंडच. चार वायरींच्या चपट्या कनेक्टरमध्ये पांढरी ग्राउंड, तपकिरी टेललाइट, पिवळी डावा इंडिकेटर आणि ब्रेक, हिरवी उजवा. पांढरी जिथे फ्रेमला बोल्टने लावलीय तिथला रंग खरवडून चकचकीत लोखंड उघडं करा, कारण रंगातून करंट जात नाही आणि मग तो दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो, म्हणून दोन्ही लुकलुकतात. त्याने गेलं नाही तर गाडीचे इंडिकेटर केशरी आणि ब्रेकच्या दिव्यांपासून वेगळे आहेत का बघा, तसं असेल तर मध्ये कन्व्हर्टर लागतो. खाली वाकलाच आहात तर सेफ्टी चेन कपलरखालून फुलीसारख्या लावल्यात ना तेही पाहा, कपलर सुटला तर टंग रस्त्यावर न आपटता त्या फुलीच्या झोळीत पडतो.

प्रश्न : पाऊस असला तर आत बसून छोट्या गॅसवर चहा करायला काय हरकत आहे? आणि सकाळी छतावरून पाणी टपकतं, लीक आहे का? (सिॲटल)

हरकत आहे, मोठी आहे. एवढ्याशा बंद पेटीत गॅस पेटवला की कार्बन मोनॉक्साइड, त्याला वास नाही, रंग नाही. चहा मागच्या झाकणाखाली उभं राहून करा, झाकण छपराचंच काम करतं, पोह्यांची फोडणीसुद्धा तिथेच, नाहीतर गादीला महिनाभर हिंगाचा वास येतो (अनुभव). आणि तरीही आत कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर लावाच.

सकाळचं पाणी बहुतेक लीक नाही, तुमचाच श्वास आहे. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, ती वाफ थंड छताला लागून थेंब होतात. खिडकी इंचभर उघडी आणि छताला 14 इंची पंखा हळू स्पीडवर, थंडी वाजली तरी. जाड ब्लँकेट घ्या पण हवा बंद करू नका.

प्रश्न : आम्ही पुण्यात असाच ट्रेलर बनवून स्कॉर्पिओला जोडून कोकणात नेऊ शकतो का? (कोथरूड, पुणे)

बनवता येईल, रस्त्यावर आणायचं बघावं लागेल. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतःच एक मोटार वाहन धरलंय, इंजिन नसलं तरी, त्यामुळे त्याला त्याचं वेगळं रजिस्ट्रेशन लागतं. अमेरिकेत बहुतेक राज्यांत घरगुती ट्रेलर तपासून, सामानाच्या पावत्या आणि वजनाची पावती बघून नंबर देतात, तिकडे तो मार्ग इतका सरळ नाही. वेल्डिंगवाल्याकडे जायच्या आधी आरटीओत जाऊन विचारा आणि जे सांगतील ते लेखी घ्या. तोंडी "हो हो चालतंय" वर लाखभर रुपये लावू नका. तोपर्यंत माझं मत, गाडीत काही कापाकापी न करता मागे उचलून ठेवता येईल असा लाकडी पेटारा करा, वर गादी, खाली ओढायचं किचन. वेताळ टेकडीच्या पायथ्याशी राहता, पहिली ट्रायल संध्याकाळी तिथेच होईल. आणि आयता अनुभव हवा असेल तर राज्य सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, कुठे भाड्याने मिळाली तर दोन रात्री राहून बघा, मग बनवायचं की नाही ते ठरवा.

प्रश्न : माझा प्रश्न ट्रेलरचा नाही, नवऱ्याचा आहे. अकरा महिने झाले, माझी गाडी बाहेर स्नोमध्ये आणि गॅरेजमध्ये तो सांगाडा. आता म्हणतात सोलर, इन्व्हर्टर आणि टीव्ही लावल्याशिवाय बाहेर काढणार नाही. (मिनेसोटा)

वहिनी, आमच्या घरी हा प्रश्न रोज विचारला जायचा, फक्त जास्त मोठ्या आवाजात.

येत्या शनिवारी जसा आहे तसा ट्रेलर ड्राइव्हवेवर काढा आणि दोघांनी एक रात्र आत झोपा. रंग नसू दे, कपाट नसू दे. आम्ही हे केलं तेव्हा एका रात्रीत कळलं की दिव्याचं बटण पायाकडे लागलंय, दार उघडलं की पाऊस थेट उशीवर येतो, आणि ड्राइव्हवेच्या उतारामुळे डोकं खाली पाय वर. यादीतल्या ज्या गोष्टींसाठी मी चार महिने अडून बसलो होतो त्यातली एकही रात्रभर आठवली नाही. सकाळी निम्मी यादी खोडली. दादांना सांगा टीव्हीचं वजन आधी वहीत लिहा, आणि मग तो ॲक्सलच्या पुढे बसतो की मागे तेही.

चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. आणि झोपायच्या आधी मागचे दोन जॅक खाली करून घट्ट करा, कारण गाडीपासून सोडवलेल्या ट्रेलरच्या मागच्या कडेला चहाचा कप घेऊन कोणी टेकलं की पुढचा टंग हवेत जातो. आमच्याकडे रात्री अकरा वाजता गेला, चहासकट.