रोख रकमेची नोटीस : पहिला खुलासा घाईने देऊ नका

आपल्या सासऱ्यांच्या बचत खात्यात एका वर्षात रोख भरलेल्या साडेतेरा लाखांबद्दल आलेली आयकर खात्याची नोटीस, उत्तरासाठी उरलेले सात दिवस आणि ‘सगळे शेतीचे उत्पन्न म्हणून लिहून द्या’ हा आपल्याला मिळालेला सल्ला वाचून राहवले नाही, कारण २०१९ मध्ये मी नेमका हाच सल्ला मानला होता. मी सनदी लेखापाल नाही. पुढचे सारे एका करदात्याच्या अनुभवातून लिहीत आहे, तेव्हा आपली कागदपत्रे जाणकाराला दाखवूनच निर्णय घ्यावा.

नोव्हेंबर २०१६ मध्ये, नोटाबंदीनंतर, मी खात्यात ११,४०,००० रुपये भरले. त्यांतले नऊ लाख मी त्याच वर्षी एप्रिल ते जून या काळात घराच्या बांधकामासाठी दुसऱ्या बँकेतील माझ्याच खात्यातून काढले होते. वडील आजारी पडल्याने काम थांबले आणि पैसे घरातच राहिले. उरलेले २,४०,००० कांद्याचे होते. नोटीस आली तेव्हा त्या दुसऱ्या खात्याचा जुना उतारा माझ्याजवळ नव्हता, आणि त्या शाखेने मला ‘जुनी नोंद मुख्य कार्यालयातून मागवावी लागेल, पुढच्या आठवड्यात या’ असे सांगत दोन महिने हेलपाटे घालायला लावले. शेवटी मुदत संपत आली म्हणून मी संपूर्ण रक्कम शेतीची असल्याचे लिहून दिले. तीन एकरांचा सातबारा आणि आडतदाराच्या मोजक्या हिशेबपट्ट्या यांतून साडेअकरा लाख शिल्लक राहिल्याचे कोणालाही पटण्यासारखे नव्हते, शिवाय आदल्या वर्षांच्या विवरणपत्रांत मी शेतीचे उत्पन्न कधीच दाखवले नव्हते. उतारा हाती आल्यावर मी खरा खुलासा पाठवला, तेव्हा अधिकाऱ्यांनी आदेशात ‘करदात्याने भूमिका बदलली’ असे नोंदवून खरे असलेले नऊ लाखही फेटाळले.

डिसेंबर २०१९ च्या आदेशाने कलम ६९अ खाली, म्हणजे स्रोताचा समाधानकारक खुलासा नसलेला पैसा म्हणून, पूर्ण रक्कम उत्पन्नात धरली. अशा रकमेला कराचे नेहमीचे टप्पे लागू होत नाहीत; तेव्हाच्या कलम ११५बीबीई प्रमाणे ६० टक्के कर, त्यावर २५ टक्के अधिभार आणि त्या वर्षीचा उपकर मिळून ७७.२५ टक्के, म्हणजे व्याज सोडूनही ८,८०,६५० रुपये. मागणीच्या वीस टक्के रक्कम भरून उरलेल्या वसुलीला स्थगिती मिळवली आणि तीस दिवसांत अपील केले. तिथे उतारा नवा पुरावा म्हणून दाखल करताना, तो आधी का दिला नाही हे सिद्ध करावे लागले, आणि बँकेकडे मी सारी मागणी तोंडी केलेली असल्याने माझ्याजवळ एकही पोच नव्हती. त्या शाखेवरचा राग अजून गेलेला नाही, परंतु लेखी अर्ज न देण्याची चूक माझीच होती. नऊ लाख अखेर मान्य झाले, तेही साडेतीन वर्षांनी.

म्हणून माझे ठाम मत असे की पुरावा हाती नसेल तर सोयीचा खुलासा देण्याऐवजी आयकर खात्याच्या पोर्टलवर कारणासह मुदतवाढ मागावी आणि सोबत बँकेला दिलेल्या अर्जाची पोच जोडावी. मुदतवाढ मिळेलच असे नाही; न मिळाल्यास जेवढे सिद्ध करता येते तेवढेच लिहावे आणि बाकीचा पुरावा मागवला असल्याचे स्पष्ट नमूद करावे. काढलेली आणि भरलेली रोकड दाखवणारा तारीखवार तक्ता करावा, आणि एवढी रोकड घरात का ठेवली याचे उत्तर कागदानिशी तयार ठेवावे. माझ्या बाबतीत ग्रामपंचायतीची बांधकाम परवानगी उपयोगी पडली.

आपल्या नोटिशीत कलम ६८ लिहिले आहे असे दिसते. हे कलम करदात्याच्या हिशेबवहीत जमा दिसणाऱ्या, पण स्रोत न पटलेल्या रकमेसाठी आहे. बँकेचे पासबुक ही करदात्याची हिशेबवही नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाने भाईचंद गांधी प्रकरणात म्हटले आहे, त्यामुळे तो मुद्दा उत्तरात जरूर घ्यावा. मात्र तेवढ्यावर विसंबू नये, कारण तीच रक्कम कलम ६९अ खाली धरता येते आणि स्रोताचा प्रश्न तसाच उभा राहतो.

उद्या बँकेत जाताना अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घेतल्याशिवाय परतू नये.