‘पेनिसिलीन चालत नाही’ एवढंच सांगून भागत नाही

प्रश्न : मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे, आठवा महिना आहे. लहानपणी घशाच्या दुखण्यात औषध घेतल्यावर तिच्या अंगावर पुरळ आलं होतं. तेव्हापासून ‘हिला पेनिसिलीन चालत नाही’ असं आम्ही सांगतो. कोल्हापुरात सिझरची वेळ आली, तर टेस्ट डोस देऊन धोका टळेल ना? (एक आई, राधानगरी)

उत्तर : त्यावर विसंबू नका. हातावर सुईने उठवलेला फुगा, त्याभोवती पेनाने काढलेलं गोल आणि पंधरा-वीस मिनिटांनी ‘काही नाही, द्या’. या चाचणीवर घरच्यांचा फार भरवसा असतो. पण काहीच उठलं नाही तरी पुढे रिअ‍ॅक्शन येऊ शकते. उलट काही अँटिबायोटिक्स कातडीला नुसतीच झोंबतात, लाली येते आणि नसलेली अ‍ॅलर्जी बाईच्या नावावर कायमची चिकटते.

उपयोगी पडते ती नेमकी माहिती. औषधाचं नाव, गोळी की इंजेक्शन, किती वेळाने काय झालं, उपचार काय लागले, हे सगळं माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या. तासाभरात गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला, शुद्ध हरपली, तर ती अ‍ॅलर्जी जिवावरची ठरू शकते. फोड येऊन कातडी सोलवटली, तोंड आलं असेल, तर ते औषध पुन्हा कधीच नको. चार दिवसांनी आलेलं बारीक पुरळ आजाराचंही असू शकतं, आणि नुसती मळमळ किंवा जुलाब म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी सांगणाऱ्यांची रीतसर तपासणी केली, तर दहातल्या नऊ जणांना ते चालतं. मात्र हे घरी आजमावून पाहायचं नाही.

सिझरआधी तासाभरात शिरेतून सेफॅझोलिन (जंतुसंसर्ग टाळणारं अँटिबायोटिक) 2 ग्रॅम देतात. त्याची रचना पेनिसिलीनपेक्षा बरीच वेगळी, त्यामुळे साधं पुरळ आलेल्यांना ते बहुधा देता येतं. जुनी रिअ‍ॅक्शन तीव्र असेल, तर क्लिंडामायसिन आणि जेंटामायसिन हा पर्याय आहे. भूलतज्ज्ञांना आत्ताच भेटा, कळा सुरू झाल्यावर नव्हे. फुगा फुगवताना ओठ खाजत असतील तर तेही सांगा. ती रबराची अ‍ॅलर्जी असू शकते, तिथे रबरी हातमोजे आणि नळ्या टाळाव्या लागतात.

प्रश्न : रिअ‍ॅक्शन आलीच तर दवाखान्यात आधी काय व्हायला हवं? (एक स्टाफ नर्स, कागल तालुका)

उत्तर : रिअ‍ॅक्शन जिवावरची असेल तर आधी अ‍ॅड्रेनालिन. एव्हिल (अ‍ॅलर्जीवरचं औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) मागाहून. ही दोन्ही घसा मोकळा करत नाहीत, बीपीही वर आणत नाहीत, आणि ती भरण्यातच मोलाची मिनिटं जातात. 1 मिलीच्या अँप्यूलमधलं (1 मिलिग्रॅम) अर्धा मिली मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्या. फरक नाही पडला तर पाच मिनिटांनी पुन्हा. बाळाला त्रास होईल म्हणून हात आखडू नका, आईचं बीपी पडलेलं राहणं बाळाला जास्त घातक असतं. ज्या औषधाचा संशय आहे ते थांबवा, ऑक्सिजन लावा, सलाईन जोरात सोडा. पोट हाताने डावीकडे ढकलून धरा, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवरून निघतो. तिला उठवून बसवू नका. दम लागत असेल तरच डोकं थोडं उंच करा. हृदय थांबलं तर सीपीआर (छाती दाबणं आणि श्वास देणं) चालू ठेवून चार मिनिटांतच सिझरला हात घालावा लागतो.

चकवा इथे असतो : कपड्याखाली पुरळ दिसत नाही, आणि बीपी पडलं की कातडी पांढरी पडून ते उठतही नाही. बीपी मणक्यातल्या भुलीने किंवा रक्तस्रावाने पडलं असं समजून वेळ जातो. सावरल्यावरही काही तास नजर ठेवा, लक्षणं पुन्हा उसळू शकतात.

प्रश्न : बाळंत झाल्यावर हुडहुडी भरली, नाक खाजलं. ही अ‍ॅलर्जी का? (आजरा)

उत्तर : बहुतेकदा नाही. रक्तस्राव रोखायला दिलेल्या मिसोप्रोस्टॉलने थंडी-ताप येतो. मणक्यात दिलेल्या फेंटानिल-मॉर्फिन या वेदनाशामकांनी नाक-चेहरा खाजतो. रक्तस्राव थांबवणाऱ्या औषधांपैकी दमा असेल तर कार्बोप्रोस्ट आणि बीपी असेल तर मेथर्जिन टाळतात, म्हणून हे दोन्ही आजार कार्डावर असू द्या.

प्रश्न : गरोदरपणात बीपी वाढून झटके आलेल्या रुग्णाला गगनबावड्याहून कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात पाठवताना काय जपावं? (एक आशाताई)

उत्तर : झटके थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेट कधी, किती दिलं, हे चिठ्ठीवर वेळेसह असलंच पाहिजे. पहिला डोस 4 ग्रॅम शिरेतून आणि दोन्ही कुल्ल्यांत 5-5 ग्रॅम असा मोठा असतो. तो नकळत दुसऱ्यांदा गेला, तर गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडणं बंद होतं, मग श्वास मंदावतो. उतारा म्हणून 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट 10 मिली हळूहळू शिरेतून देतात. ते सोबत ठेवायला सांगा. कोणत्याही औषधाचा दुष्परिणाम 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर रुग्णाचे नातेवाईकही कळवू शकतात.