जाड्या-रड्याचा चरित्रपट जोखायचा कसा?

प्रश्न: ताई, रड्या स्टॅन लॉरेल आणि जाड्या हार्डी या जोडीवर बीबीसीनं 2006 साली केलेला ‘स्टॅन’ हा टीव्हीपट मुलानं लावून दिला. हिरमोड झाला. चेहरे जुळत नाहीत, हसू फारसं येत नाही, आजारी हार्डीच्या उशाशी म्हातारा लॉरेल बसलेला. विनोदी नटांचा चरित्रपट असा असतो का? नातवाला दाखवावा का?
– एक वाचक, मिरज

उत्तर: तुमचा हिरमोड समजतो, पण मला हा टीव्हीपट मनापासून आवडला. चेहऱ्यांचं सोडा. टायशी चाळा करायचा, डोक्यावरचे केस ओढायचे, या लकबी शाळेच्या स्नेहसंमेलनातली पोरंही उचलतात. मी बघते ते एवढंच, की हसवण्यामागची मेहनत लिहिणाऱ्याला ठाऊक आहे का.

या जोडीत ती मुख्यतः लॉरेलची. पडद्यावर बावळट दिसणारा हा माणूस प्रसंग रचायचा, संकलनाला बसायचा. हार्डी काम आटोपून गोल्फला जायचा. चित्रपट आधी प्रेक्षकांना दाखवायचे, हशा किती लांबतो ते बघायचं आणि त्या मापानं पुन्हा कातरायचं. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात फार्सचे प्रयोग करायचो तेव्हा आम्हांला हेच शिकवलं होतं: हशा टिपेला असताना तोंड उघडायचं नाही, ओसरायला लागला की पुढचं वाक्य टाकायचं. आम्हांला समोर प्रेक्षक दिसायचा. कॅमेऱ्यापुढचा नट कुणासाठी थांबणार? म्हणून हार्डी फजिती झाली की सरळ कॅमेऱ्यात बघत राहतो. तेवढ्यात थिएटर हसून घेतं, आणि पुढचा संवाद वाया जात नाही.

1956 साली हार्डीला पक्षाघात झाला, वाचा जवळपास गेली. 7 ऑगस्ट 1957 ला तो वारला. लेखक नील ब्रँड यांनी नेमका हा काळ घेतला, ते मला पटलं. शब्द गेले तरी हार्डीची नजर उरते, आणि या दोघांचं निम्मं काम नजरेवरच चालायचं. विनोदी नट म्हटला की पडद्यामागे त्याला रडवायचंच, या चरित्रपटांच्या खोडीचा मला राग आहे. इथे मात्र तो येत नाही, कारण दुःख ओढूनताणून आणलेलं नाही. प्रकृतीमुळे लॉरेल हार्डीच्या अंत्यविधीला जाऊ शकला नाही. पुढे 1965 पर्यंत जगला, पण पडद्यावर पुन्हा उभा राहिला नाही. दोघांसाठी प्रसंग मात्र लिहीत राहिला! ज्याच्यासाठी लिहायचं तो नाही, तरी लिहायचं. एवढी एक गोष्ट ठाऊक असली की उशाशी बसलेला तो म्हातारा वेगळा दिसतो. पुन्हा एकदा बघाच.

नातवाला आत्ता नको. त्याला आधी 1932 चा ‘द म्युझिक बॉक्स’ लावून द्या. लांबलचक जिन्यावरून पियानो चढवायचा, एवढीच गोष्ट. ऑस्कर मिळालेला लघुपट आहे. हार्डी कॅमेऱ्यात बघेल तेव्हा तुम्ही नातवाकडे बघा. तो खदखदून हसला, तर आणखी चार लघुपट दाखवा. ‘स्टॅन’ कॉलेजात गेल्यावर.