राजकीय मतांमुळे समाजशास्त्राची बौद्धिक प्रगती खुंटते का?

खुंटू शकते, मात्र अभ्यासकाला राजकीय मत असल्यामुळे नव्हे, तर एखादा प्रश्न विचारणेच निषिद्ध ठरल्यामुळे. अमेरिकेच्या श्रम खात्यातील डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी १९६५ मध्ये कृष्णवर्णीय कुटुंबांच्या विघटनाविषयी अहवाल लिहिला, तेव्हा पीडितांनाच दोषी ठरवल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. त्या टीकेत तथ्य होते, कारण गुलामगिरी व बेरोजगारी यांची दखल घेऊनही अहवालाची भाषा कुटुंबालाच रोगट ठरवणारी होती. परंतु समाजशास्त्रज्ञ विल्यम ज्युलियस विल्सन यांनी १९८७ मध्ये मांडल्याप्रमाणे, त्या वादानंतर अनेक उदारमतवादी अभ्यासकांनी हा विषयच टाळला आणि शहरी दारिद्र्याचा अर्थ लावण्याचे काम पुराणमतवाद्यांकडे गेले. मला हे नुकसान फार मोठे वाटते, कारण कारखान्यांतील रोजगार आटल्याने वस्त्या कशा कोलमडल्या, हे विल्सन यांचे विश्लेषण त्यामुळे उशिरा पुढे आले. तरीही तो काळ निष्फळ नव्हता: मानवशास्त्रज्ञ कॅरल स्टॅक यांनी १९७४ मध्ये, गरीब कृष्णवर्णीय वस्तीतील प्रत्यक्ष निरीक्षणातून, ज्याला विघटन म्हटले जात होते तिथे नातलगांच्या परस्परसाहाय्याचे भक्कम जाळे असल्याचे दाखवले.