देवनागरी पत्ते बदलताना ३०१ लावू की सगळं होमपेजवर वळवू?

साइटच्या पानांचे देवनागरी पत्ते (यूआरएल) रोमन अक्षरांत बदलायचेत, जुने सगळे होमपेजवर वळवले तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. ३०१ लावा, म्हणजे 'हे पान कायमचं नव्या पत्त्यावर गेलं' असं सर्व्हरला सांगायला लावा, आणि प्रत्येक जुन्या पानाला त्याचंच नवं पान द्या. घाऊक होमपेजवर वळवलेला पत्ता गूगल सॉफ्ट ४०४ धरतं, म्हणजे पान गेलं असंच समजतं.

आमच्या ट्रेकिंग ग्रुपच्या साइटवर गडांच्या वाटा आहेत. पाण्याचं टाकं कुठे, दोर कुठे लागतो, हे लोकांनी स्वतः जाऊन येऊन लिहिलंय. नवं डिझाइन एका एजन्सीला दिलं आणि त्यांनी तुम्ही म्हणताय तेच केलं. बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढायचा म्हणून कुणी आमचं पान उघडावं, तर समोर ग्रुपचा लोगो आणि फोटोंचा स्लायडर! विकिपीडियाच्या तळटीपांतले आमचे दुवे वाया गेले. छापील पुस्तिकेतले क्यूआर कोड तर बदलताही येत नाहीत.

भांडल्यावर त्यांच्या माणसाने एकेका पानाचे नियम लिहिले, पण ते लागू होईनात. त्यावर त्याचं निदान, "सर्व्हरला मराठी कळत नाही." हे वाक्य मला अजून सलतं. त्याने ब्राउझरमधून कॉपी केलेला, टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेला पत्ता तसाच नियमात चिकटवला होता. अपाचे हे आमच्या सर्व्हरचं सॉफ्टवेअर नियम जुळवायच्या आधी टक्क्यांचा पत्ता मूळ अक्षरांत उलगडून घेतं, त्यामुळे तिथे जुना पत्ता सरळ देवनागरीत लिहायचा आणि नियमांची फाइल (एचटीअ‍ॅक्सेस) यूटीएफ-८ या अक्षर-पद्धतीत सेव्ह करायची. मी तेवढंच केलं, नियम चालले. जुन्या पत्त्यांची यादी गूगलचं सर्च कन्सोल, सर्व्हरचे लॉग (भेटींच्या नोंदी) आणि वेबॅक मशीन (जुनी पानं जपून ठेवणारी साइट) यांतून जमवली.

म्हणून माझा उलट प्रश्न: पत्ते रोमन करताय कशाला? ब्राउझरला, सर्व्हरला, गूगलला देवनागरी नीट कळते. मराठी साइटवर मराठी पत्ता असण्यात कमीपणा कसला? एक अडचण मात्र खरी आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि हलन्तसुद्धा, पत्त्यात टक्क्यांच्या रूपात ९ अक्षरं खातं. 'हरिश्चंद्रगड' एवढ्या एका शब्दाची १०८ होतात, आणि वर्डप्रेस (साइट चालवायचं सॉफ्टवेअर) लेखाच्या नावाचा भाग २०० वर तोडतं. मग नाव आटोपशीर ठेवा. 'हरिश्चंद्रगड-नळीची-वाट' १८२ मध्ये बसतं.

तरीही बदलायचंच असेल तर आधी ३०२, म्हणजे तात्पुरतं वळवणं, लावून तपासा, कारण चुकीचा ३०१ वाचकांच्या ब्राउझरमध्ये साठून राहतो आणि तो तुम्हाला तिथून काढता येत नाही. जुन्यावरून मधल्यावर, मधल्यावरून नव्यावर अशी साखळी करू नका. गूगल नियम निदान वर्षभर ठेवा म्हणतं. मी म्हणेन, काढूच नका. वर्डप्रेसमध्ये प्रकाशित लेखाचा पत्ता बदलला तर जुना आपोआप वळतो, पण 'पेज' प्रकाराला ही सोय नाही. आणि हे नियमांचं सगळं अपाचेपुरतं. तुमचं होस्टिंग एनजिनएक्स या दुसऱ्या सर्व्हर-सॉफ्टवेअरवर असेल तर एचटीअ‍ॅक्सेस फाइल तिथे वाचलीच जात नाही, नियम सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये घालावे लागतील.